घर आपल्या नावावर, मुक्काम विक्रेत्याचा

गेल्या वर्षी आम्ही टेक्सासमध्ये घर घेतले, तेव्हा विक्रेत्या दांपत्याने आमची ऑफर स्वीकारताना एक अट घातली. क्लोजिंग, म्हणजे सह्या, पैसे आणि मालकी यांची अंतिम देवघेव, ठरलेल्या तारखेलाच व्हायचे, पैसे त्यांच्या खात्यात जमा व्हायचे आणि घर आमच्या नावावर लागायचे; परंतु बिल्डरकडून त्यांचे नवे घर ताब्यात येईपर्यंत ते याच घरात आमचे भाडेकरू म्हणून राहणार होते. अमेरिकेत या व्यवस्थेला कुठे रेंट-बॅक तर कुठे लीजबॅक म्हणतात, आणि गिऱ्हाइके जास्त व घरे कमी अशा बाजारात ती इतकी सर्रास झाली आहे की अनेक रिअल्टर (घरांचे दलाल) तिचा उल्लेख एखाद्या किरकोळ सोयीसारखा करतात. आमचा व्यवहार पार पडल्यानंतर ओळखीच्या काही कुटुंबांपुढे हाच प्रश्न आला, म्हणून त्या वेळी जे वाचले, विचारले आणि अनुभवले ते येथे सविस्तर मांडत आहे. मी वकील नाही, आणि या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने करारावर सही करण्यापूर्वी तो स्थानिक वकिलाला दाखवण्याच्या खर्चात काटकसर करू नये.

विक्रेत्याची अडचण बहुधा खरी असते, हे आधी मान्य करायला हवे. बहुतेकांची आयुष्यभराची पुंजी राहत्या घरातच अडकलेली असते. ती मोकळी झाल्याशिवाय पुढच्या घराचे डाउन पेमेंट भरता येत नाही, आणि जुने मॉर्गेज (घरकर्ज) अंगावर असेपर्यंत नवे कर्ज मंजूर होणेही कठीण जाते. कुणाच्या मुलांचे शालेय वर्ष संपायचे असते, कुणाचे नवे घर पावसामुळे किंवा नगरपालिकेच्या तपासणीमुळे रखडलेले असते. अलीकडच्या वर्षांत व्याजदरांनी यात भर घातली आहे. घरकर्जे विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या साप्ताहिक पाहणीनुसार तीस वर्षांच्या स्थिर मॉर्गेजचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांपर्यंत चढला. ज्यांच्याकडे जुने, स्वस्त कर्ज आहे असे लोक निरुपाय झाल्याखेरीज घर विकत नाहीत, आणि जे विकतात त्यांना पुढची सोय लावण्यासाठी अवधी हवा असतो.

मग क्लोजिंगच पुढे का ढकलू नये, असे कुणीही विचारील. त्याची दोन उत्तरे आहेत. खरेदीदाराचा व्याजदर ठराविक मुदतीपुरताच लॉक केलेला असतो, आणि ती मुदत वाढवायची तर बहुतेक वेळा फी भरावी लागते. शिवाय विक्रेत्याला खरी निकड असते ती पैशांची, आणि ते तर क्लोजिंगशिवाय मिळत नाहीत. त्यामुळे एकाच घरावर अनेक ऑफर आलेल्या असताना जो खरेदीदार लीजबॅक देऊ शकतो, त्याचे पारडे जड होते. २०२१ च्या धामधुमीत अनेकांनी ते विनामूल्य देऊ केले होते. फुकट राहू देणे मला मुळात गैर वाटत नाही. तो घराच्या किमतीचाच एक भाग आहे एवढे समजून-उमजून ते द्यावे.

सर्वसाधारणपणे या वाटाघाटींत सगळा वेळ भाड्याच्या आकड्यावर जातो. माझ्या मते भाडे ही या करारातली सर्वांत गौण बाब आहे. क्लोजिंगच्या आदल्या दिवसापर्यंत विक्रेत्याला आपली गरज असते, कारण त्याचे पैसे आपल्या सहीवर अवलंबून असतात. कर्जाची रक्कम वितरित झाली की ती गरज संपते. त्या घटकेपासून घर आपले, हप्ता आपला, मालमत्ता कर आपला, विमा आपला, आणि घराचा ताबा मात्र अशा माणसाकडे ज्याला आपल्याकडून आता काहीही मिळायचे शिल्लक नाही. आपण मनाने अजून खरेदीदारच असतो, पण कायद्याच्या दृष्टीने घरमालक झालेलो असतो, आणि घरमालकाची सगळी बंधने आपल्यावर आलेली असतात. म्हणून क्लोजिंगनंतर विक्रेत्याला वेळेवर आणि घर नीट ठेवून बाहेर पडावेसे वाटेल असे काय आपल्या हातात उरते, हाच विचार करारातील प्रत्येक कलम लिहिताना मुख्य असायला हवा. त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे: रोखून ठेवलेली रक्कम आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचा दंड.

भाड्याचा हिशेब तसा सरळ आहे. मॉर्गेजचे मुद्दल व व्याज, मालमत्ता कर, विमा आणि असल्यास एचओएची (वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेची) वर्गणी यांची मासिक बेरीज करून तिला तीसने भागायचे. समजा ही बेरीज ४,२०० डॉलर आली, तर दिवसाचे भाडे १४० डॉलर. येथे विक्रेत्याच्या बाजूने हमखास एक युक्तिवाद येतो: तुमचा पहिला हप्ता तर क्लोजिंगनंतर महिना उलटून गेल्यावर सुरू होणार, मग तोपर्यंत तुम्हाला खर्च कसला? हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण तो खरा नाही. व्याज कर्ज वितरित झाल्या दिवसापासून चढू लागते. त्या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचे व्याज क्लोजिंगच्या वेळीच आगाऊ भरून घेतले जाते, आणि पुढच्या महिन्याचे व्याज पहिल्या हप्त्यात येते. मालमत्ता करही क्लोजिंगच्या तारखेपर्यंतचाच विक्रेत्याच्या वाट्याला असतो. त्यामुळे घरात कुणीही राहो, त्या दिवसांचा खर्च आपलाच असतो. एवढे आकडे समोर ठेवले की बहुतेक विक्रेते पुढे घासाघीस करत नाहीत. ठरलेले संपूर्ण भाडे क्लोजिंगच्या वेळीच टायटल कंपनीमार्फत, म्हणजे मालकीहक्क तपासून क्लोजिंगचे पैसे हाताळणाऱ्या कंपनीमार्फत, वळते करून घ्यावे आणि ते क्लोजिंग डिस्क्लोजर या अंतिम हिशेबाच्या कागदात स्वच्छ दिसावे. दर आठवड्याला चेक मागत बसणे दोघांनाही अवघड होते, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नजरेआड झालेली कोणतीही देवाणघेवाण पुढे महागात पडू शकते.

मुदतीच्या बाबतीत मात्र सौजन्याला मर्यादा आहे, आणि ती आपण घातलेली नसते. राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या घराच्या प्रमाणित कर्ज-दस्तऐवजात असे कलम असते की कर्जदाराने सही केल्यापासून ६० दिवसांच्या आत त्या घरात राहायला गेले पाहिजे आणि ते किमान वर्षभर आपले मुख्य निवासस्थान ठेवले पाहिजे. संस्थेने लेखी परवानगी दिली किंवा परिस्थितीच आपल्या हाताबाहेरची असली तरच अपवाद. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या विम्याखालील कर्जांतही हीच ६० दिवसांची मर्यादा आहे. स्वतः राहण्याच्या घराला मिळणारा दर गुंतवणुकीच्या घराला मिळत नाही, आणि राहायचा इरादा नसताना तसे लिहून देणे हा गुन्हा ठरतो. म्हणून ६० दिवसांचा लीजबॅक मागणाऱ्याला ६० दिवस देऊ नयेत. तो वेळेवर निघालाच असे गृहीत धरता येत नाही. शिवाय घर रिकामे झाल्यावर रंगकाम, साफसफाई आणि आपले सामान हलवणे याला अवधी लागतो. पंचेचाळीस दिवसांच्या पुढे मी जाणार नाही, आणि तेवढे देतानाही लोन ऑफिसरला लेखी कळवून त्याचे उत्तर जपून ठेवीन.

राज्यांचे आपापले ठरीव नमुने आहेत. टेक्सास रिअल इस्टेट कमिशनने विक्रेत्याच्या तात्पुरत्या भाडेकराराचा नमुना तयार केलेला आहे, आणि क्लोजिंगनंतर ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नसेल तरच तो वापरावा असे त्याच्या माथ्यावरच छापलेले आहे. कॅलिफोर्नियात रिअल्टरांच्या संघटनेचे दोन वेगळे नमुने प्रचलित आहेत: ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी एक, आणि त्याहून लांबलेल्या मुक्कामासाठी रीतसर भाडेकराराचा दुसरा. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत वकीलमंडळी भाडेकरार हे नावच टाळून वापर व वास्तव्याचा करार करणे पसंत करतात, जेणेकरून विक्रेत्याला भाडेकरूचे हक्क लागू होऊ नयेत. अर्थात कागदावर नाव काहीही दिले तरी न्यायाधीश प्रत्यक्ष व्यवहाराचे स्वरूप पाहतो, हे विसरून चालत नाही.

आता रोखून ठेवलेल्या रकमेविषयी. टेक्सासच्या नमुन्यात अनामत रकमेची जागा रिकामी असते, आणि ती किती असावी यावर राज्याच्या कायद्याची कमाल मर्यादा नाही. तरीही पुष्कळ रिअल्टर तेथे काही शे डॉलर लिहून मोकळे होतात. एवढ्या पैशांत गॅरेजचे दारसुद्धा दुरुस्त होत नाही. नुकतेच काही लाख डॉलर ज्याच्या खात्यात जमा झाले आहेत त्याला पाचशे डॉलर बुडण्याची भीती वाटणे शक्य नाही. रक्कम अशी असावी की ती परत मिळवण्यासाठी तो कॅलेंडरवर खूण करून ठेवील. आम्ही साधारण दीड महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम मागितली आणि विक्रेत्यांनी कुरकुर न करता ती दिली, कारण ती त्यांना खिशातून काढावी लागली नाही, विक्रीच्या रकमेतूनच बाजूला ठेवली गेली. वेळ साधण्याचे महत्त्व असे आहे. क्लोजिंगच्या टेबलावर जे सहज मिळते ते दुसऱ्या दिवशी मागितले तर भांडण होते.

इतर काही राज्यांत एवढी मोकळीक नाही. न्यूयॉर्कने २०१९ पासून अनामत रक्कम एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, आणि कॅलिफोर्नियातही १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना हीच मर्यादा लागू झाली आहे. तेथे लहान मालकांना काही सवलत आहे. अशा ठिकाणी विक्रीच्या किमतीतील काही भाग ताबा मिळेपर्यंत एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडे, ठेवण्याची तरतूद खरेदीच्या करारातच करता येईल का, हे वकिलाला विचारावे. ती रक्कम आपल्याजवळ न ठेवता टायटल कंपनी, एस्क्रो कंपनी किंवा वकील यांच्याकडे राहणे दोन्ही पक्षांना सोयीचे असते. पैसे कोणत्या अटींवर आणि कुणाच्या सहीने मोकळे होतील, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

मुदत उलटल्यानंतरचा दैनिक आकार हे करारातले दुसरे दातेरी कलम. टेक्सासच्या नमुन्यात ते आहे: मुदतीनंतरही ताबा सोडला नाही तर करार आपोआप वाढत नाही, आणि प्रत्येक दिवसासाठी ठरलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून द्यावी लागते. ही जागा रिकामी सोडणे किंवा तेथे नेहमीचेच भाडे लिहिणे म्हणजे विक्रेत्याला मुदतवाढ आधीच देऊन टाकणे होय. मुदतीनंतर दिवसाला १४० डॉलरच द्यायचे असतील, तर दोन माणसे, कुत्रा आणि ट्रकभर सामान घेऊन हॉटेलात कोण जाईल? हा आकडा त्याच्या पर्यायी सोयीच्या खर्चापेक्षा वरचढ हवा. मात्र तो मनाला येईल तितका फुगवूनही चालत नाही, कारण केवळ शिक्षा म्हणून लावलेला दंड न्यायालय उचलून धरत नाही. आपल्याला त्या विलंबामुळे येणारा खर्च, म्हणजे आपल्या अपार्टमेंटचे वाढीव भाडे, स्टोरेज, रद्द झालेले मूव्हर, या सर्वांचा अंदाज करून मूळ भाड्याच्या दुपटीच्या आसपास आकडा ठेवला तर तो समर्थनीय राहतो.

एवढे करूनही विक्रेता निघालाच नाही तर काय, हा प्रश्न अप्रिय असला तरी आधीच विचारून ठेवायला हवा. घर आपल्या नावावर आहे म्हणून कुलपे बदलता येत नाहीत, वीज-पाणी तोडता येत नाही, सामान अंगणात काढून ठेवता येत नाही. अशी परस्पर कारवाई जवळपास सर्वच राज्यांत बेकायदा आहे. टेक्सासमध्ये रीतसर नोटीस द्यावी लागते, करारात वेगळे काही नसल्यास ती किमान तीन दिवसांची असते, आणि त्यानंतर जस्टिस कोर्टात (स्थानिक कनिष्ठ न्यायालयात) निष्कासनाचा, म्हणजे घर खाली करवून घेण्याचा, दावा दाखल करावा लागतो. देशातल्या इतर अनेक भागांच्या तुलनेत हे जलद मानले जाते. कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कमध्ये असा दावा महिनोन् महिने चालू शकतो. सप्टेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात साथीमुळे निष्कासनावर केंद्रीय निर्बंध होते, तेव्हा लीजबॅक दिलेल्या खरेदीदारांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

विम्याचा विषय मी मुद्दाम स्वतंत्रपणे घेतो, कारण तो बोलण्यातून हमखास सुटतो. क्लोजिंग झाले की विक्रेत्याचा त्या इमारतीत विमा उतरवण्याजोगा हितसंबंध उरत नाही, त्यामुळे त्याची जुनी पॉलिसी इमारतीच्या नुकसानीपुरती निरुपयोगी होते. आपली नवी पॉलिसी मालक स्वतः घरात राहतो या गृहीतकावर काढलेली असते, आणि त्या वेळी आपण तेथे राहत नसतो. या दोहोंच्या मधल्या फटीत पाइप फुटला, तर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासमधील असंख्य घरांचे पाइप फुटले होते, म्हणजे ही शंका पुस्तकी नाही. आम्ही एजंटला लीजबॅकच्या तारखा ईमेलने कळवल्या आणि त्या काळापुरते संरक्षण कायम असल्याचे लेखी मागवून घेतले. विक्रेत्यांच्या सामानाला आपली पॉलिसी लागू होत नाही. त्यासाठी त्यांनी भाडेकरूंसाठीचा वेगळा विमा घ्यायला हवा, आणि त्यात कुणी घसरून पडल्यास लागणाऱ्या उत्तरदायित्वाचाही समावेश हवा. हा विमा स्वस्त असतो. त्याचे प्रमाणपत्र क्लोजिंगपूर्वी पाठवण्याची अट करारात घातली की नंतर आठवण करून द्यावी लागत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत टेक्सासचा नमुना घरमालकाला अनुकूल आहे: अंगण व झाडांसह घराची देखभाल आणि दुरुस्ती राहणाऱ्याच्या खर्चाने, कायद्याने मालकावर टाकलेल्या गोष्टी वगळता. तरीही ऐन जुलैत एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर गेला, तर उरलेल्या दहा दिवसांसाठी विक्रेता हजारो डॉलर खर्च करील, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. ते यंत्र पुढची अनेक वर्षे आपल्याच उपयोगाला येणार असते. म्हणून विशिष्ट रकमेपर्यंतची दुरुस्ती त्यांची, त्यावरील आपली, मात्र त्यांच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान कितीही असले तरी त्यांचे, अशी विभागणी आम्ही लिहून घेतली. वीज, पाणी आणि गॅस शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर ठेवले. पाळीव प्राणी, धूम्रपान, पोटभाडेकरू या बाबी एकेका ओळीत मिटतात. एचओए असेल तर तिचे नियम मात्र चाळून पाहावेत. अल्पमुदतीच्या भाड्यावर बंदी असलेल्या वसाहतींत आधी लेखी खुलासा मागावा.

सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते दोन पाहण्यांकडे. पहिली क्लोजिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी, आणि दुसरी घर रिकामे झाल्यावर, किल्ल्या हातात घेण्यापूर्वी. नेहमीच्या खरेदीत पहिल्या पाहणीच्या वेळी घर बहुतेक रिकामे असते. लीजबॅकमध्ये ते भरलेले असते, आणि नेमक्या ज्या जागा पाहायच्या त्या सोफ्यामागे, गालिच्याखाली आणि खोक्यांच्या थप्पीआड असतात. आम्ही तरीही प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घेतला, सगळे नळ सोडून पाहिले, ओव्हन आणि डिशवॉशर चालवून पाहिले, जे झाकलेले होते ते झाकलेले आहे असे बोलून नोंदवले आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी दोन्ही रिअल्टरांना पाठवला.

दुसऱ्या पाहणीत त्याचा उपयोग झाला. स्वयंपाकघरातील फ्रिज विक्रेते घेऊन गेले होते, आणि तो जेथे उभा होता तेथील लाकडी फरशीच्या चार-पाच पट्ट्या कडांनी फुगून वर आल्या होत्या. पायाने दाबले की त्यांखालून किंचित ओलसर आवाज येई. बर्फाच्या यंत्राला पाणी पुरवणारी बारीक नळी फ्रिज ओढताना निसटली होती आणि भिंतीतला व्हॉल्व्ह पुरता बंद झाला नव्हता. हे क्लोजिंगपूर्वीचे की नंतरचे, यावर वाद घालता आला असता. परंतु आमच्या व्हिडिओत फ्रिजच्या पुढची फरशी सपाट आणि कोरडी दिसत होती, शिवाय विक्रेत्या गृहस्थांनीही नळी आदल्या आठवड्यात हलवल्याचे स्वतःहून सांगितले. पट्ट्या बदलण्याचा खर्च अनामतीतून वळता झाला आणि उरलेली रक्कम हिशेबासह त्यांना परत गेली. टेक्सासमध्ये त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि भाडेकरूने आपला नवा पत्ता लेखी कळवल्याशिवाय रक्कम परत करण्याचे बंधन मालकावर येत नाही. तो पत्ता आम्ही किल्ल्या घेतानाच लिहून घेतला.

किल्ल्यांबरोबर आणखी काय घ्यायचे याची यादी अलीकडे लांबली आहे. टपालपेटीची किल्ली, गॅरेजचे रिमोट, फाटकाचा कोड हे जुनेच. आता दारावरची कॅमेऱ्याची घंटा, थर्मोस्टॅट, स्प्रिंकलरचे नियंत्रक हे सगळे विक्रेत्याच्या फोनवरील खात्याशी जोडलेले असते. ते खाते त्यांनी आपल्यासमोर काढून टाकावे, अन्यथा आपल्या दारात कोण आले हे त्यांना पुढेही दिसत राहील. गॅरेजच्या फळ्यांवर अर्धवट राहिलेले रंगाचे डबे, जुनी कीटकनाशके, गंजलेले गॅस सिलिंडर मागे ठेवण्याची पद्धतच आहे. हे नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून घर पूर्ण रिकामे करणे म्हणजे काय ते करारात उलगडून लिहिलेले बरे. भिंतींच्या रंगाची नावे लिहिलेला एखादा डबा मात्र जरूर मागून घ्यावा.

आपल्या लोकांना या सगळ्यात जाणवणारी अडचण कायद्याची नसून संकोचाची आहे. विक्रेते सत्तरीतले, अगत्यशील, आम्ही पहिल्यांदा घर पाहायला गेलो तेव्हा मुलांना अंगणातील पीचच्या झाडाखाली नेऊन फळे तोडून देणारे. अशा माणसांसमोर दंडाचा आकडा बोलायला जीभ रेटत नाही. त्यांच्या रिअल्टरने तर एक साधा ईमेल पुरेसा होईल असे सुचवले होते. आम्ही नम्रपणे ठरीव नमुन्याचाच आग्रह धरला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनाही ते बरे वाटले. कारण तोंडी कबुलीत त्यांचीही सुरक्षितता नव्हती: उद्या आम्हीच लवकर निघा म्हणालो असतो, किंवा रोज संध्याकाळी पडद्यांची मापे घ्यायला दारात उभे राहिलो असतो, तर त्यांनी काय करायचे होते? पूर्वसूचना दिल्याशिवाय घरात न येण्याचे कलम त्यांच्यासाठी होते, आणि मुक्कामाच्या काळात आम्ही ते पाळले.

कराचा भाग छोटा आहे, पण त्यात एक खाच आहे. जे घर वर्षभरात आपण स्वतःचे निवासस्थान म्हणून वापरतो ते त्याच वर्षात १५ पेक्षा कमी दिवस भाड्याने दिले असेल, तर ते भाडे केंद्रीय प्राप्तिकरात उत्पन्न म्हणून दाखवावे लागत नाही, आणि भाड्यापोटीचा खर्चही वजा करता येत नाही. मुदत त्याहून लांबली तर उत्पन्न दाखवून त्या काळापुरता खर्च प्रमाणात वजा करायचा. क्लोजिंग डिसेंबरच्या मध्यास झाले आणि विक्रेता जानेवारीपर्यंत राहिला, तर पहिल्या करवर्षात आपण त्या घरात एक दिवसही राहिलेले नसतो. अशा वेळी ही सवलत गृहीत धरू नये, सीपीएला (सनदी लेखापालाला) विचारावे. टेक्सासमधील मालमत्ता कराच्या होमस्टेड (राहत्या घरासाठीच्या) सवलतीचा अर्जही घर आपले मुख्य निवासस्थान झाल्यावरच करता येतो, आणि त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्सवर तोच पत्ता लागतो.

पुन्हा घर घेण्याची वेळ आली तर लीजबॅक देईन का, असे मला विचारतात. देईन, पण विक्रेता कुठे जाणार आहे हे ठाऊक असेल तरच. सही झालेला पुढचा करार, बिल्डरचे तारखेचे पत्र, नव्या नोकरीचे ठिकाण, निदान ठरवलेल्या अपार्टमेंटचा पत्ता, यांपैकी काहीतरी दाखवता यायला हवे. अजून शोधतो आहोत, सापडेल काहीतरी, असे सांगणाऱ्याचा हेतू स्वच्छ असला तरी त्याच्याजवळ निघण्याची तारीख नसते. घर जप्तीच्या उंबरठ्यावर असल्याने विकले जात असेल, घरात विक्रेत्याखेरीज करारावर सही न करणारी प्रौढ माणसे राहत असतील, किंवा योग्य अनामत रकमेचे नाव काढताच बोलणी थंडावत असतील, तर मी नकार देईन. अशा विक्रेत्यासाठी क्लोजिंग पुढे ढकलून रेट लॉक वाढवण्याची फी सोसणे मला स्वस्त वाटते, आणि ती फी विक्रेत्याने द्यावी अशी अट ऑफरमध्येच घालता येते.